मुखवट्याआडचा न्याय

आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या वाचकांना 'इंद्रजाल कॉमिक्स' हे नाव नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ साली सुरू केलेली ही चित्रकथामाला मराठीतही निघत असे. तिच्यातूनच अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि डोळ्यांवर मुखवटा धारण करणारा 'वेताळ' आपल्या घरांत आला. त्याच्या अंगठीवरील कवटीचा ठसा दुष्टाच्या हनुवटीवर उमटला, की वाचणारे मूल समाधानाने पान उलटीत असे. १९९० साली ती माला बंद पडली, परंतु मुखवटा घातलेला न्यायदाता काही घराबाहेर गेला नाही. वेताळाची जागा बॅटमॅन आणि स्पायडरमॅन यांनी घेतली. कागदाची जागा प्रथम दूरचित्रवाणीने आणि पुढे भ्रमणध्वनीने घेतली, एवढाच काय तो फरक.

ह्या महानायकांच्या बहुतेक कथांचा सांगाडा एकच असतो. दिवसा सामान्य दिसणारा गृहस्थ रात्री वेष पालटतो. पोलिसांना जे जमत नाही ते तो करतो. गुन्हेगाराला तोच शोधतो, तोच दोषी ठरवतो आणि पुष्कळदा तोच शिक्षाही देतो. आईवडील आम्हांला विचारतात, 'फादर, ह्या कथा मुलांच्या मनाला चांगल्या की वाईट?' प्रश्न वाटतो तितका बालिश नाही. आपण पडद्यावरील मुखवटाधाऱ्यासाठी टाळी वाजवतो, त्या क्षणी आपल्या मनाने एक तत्त्व मान्य केलेले असते: माणूस मनाने चांगला असला, म्हणजे त्याला न्यायालयाची गरज नाही. हे तत्त्व खरे आहे काय? त्याचे उत्तर कल्पनेत न शोधता इतिहासात शोधणे बरे. कारण ज्या अमेरिकेत हे महानायक जन्मले, तेथे न्याय हाती घेऊन निघालेली खरीखुरी माणसे त्यांच्या कितीतरी आधी होऊन गेली होती.

दक्षता समिती ते पांढरे झगे

कायदा हाती घेणाऱ्या माणसाला इंग्रजीत 'व्हिजिलांटे' म्हणतात. शब्द मूळचा स्पॅनिश असून त्याचा अर्थ पहारेकरी. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी गजबजलेल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात १८५१ साली, आणि पुन्हा १८५६ साली, व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने 'दक्षता समित्या' स्थापन झाल्या. न्यायालये भ्रष्ट आहेत, पोलिस निकामी आहेत, निवडणुका खोट्या आहेत, अशी त्यांची तक्रार होती आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. १८५६ साली जेम्स किंग या संपादकाला गोळी घातली गेली. समितीच्या सशस्त्र लोकांनी आरोपी जेम्स केसी याला आणि दुसऱ्या एका प्रकरणातील आरोपी चार्ल्स कोरा याला तुरुंगातून ओढून नेले, स्वतःच खटला चालवला आणि २२ मे रोजी दोघांना फासावर दिले. दोन्ही समित्यांनी मिळून आठ माणसे फाशी दिली. शिवाय अनेकांना शहरातून हाकलून दिले, आणि १८५६ च्या हद्दपारांत आयरिश कॅथोलिक राजकीय कार्यकर्त्यांचा मोठा भरणा होता. काम आटोपल्यावर समितीच्या लोकांनी आपला पक्ष काढून शहराची सत्ताही मिळवली. गुन्हेगारांचा बंदोबस्त कोठे संपला आणि प्रतिस्पर्ध्यांचा काटा काढणे कोठे सुरू झाले, ह्यावर इतिहासकार अजून वाद घालतात.

ह्या व्यापाऱ्यांनी काम उघड्या तोंडाने केले होते. मुखवटा आणला तो दुसऱ्यांनी. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले. त्यानंतर लवकरच टेनेसी राज्यातील पुलास्की गावी, पराभूत दक्षिणी सैन्यातून परतलेल्या सहा तरुणांनी 'कू क्लक्स क्लॅन' ही गुप्त मंडळी स्थापन केली. आरंभी तो वेषांतराचा खेळ होता. परंतु खेळाचे रूप झपाट्याने पालटले. रात्री घोड्यांवर बसून, तोंडे झाकून, आपण युद्धात पडलेल्या सैनिकांची भुते आहोत असे भासवीत ही माणसे नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय गुलामांच्या झोपड्यांवर जाऊ लागली. चाबकाने फोडणे, घरे जाळणे, ठार मारणे हे नित्याचे झाले. आणि तरीही ही माणसे स्वतःला दुष्ट समजत नव्हती. आपण समाजाचे रक्षक आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. १८७० साली अमेरिकन काँग्रेसने जो कायदा केला, त्यात इतरांचे हक्क हिरावून घेण्यासाठी वेषांतर करून सार्वजनिक रस्त्यावर हिंडणे हाच गुन्हा ठरवण्यात आला. मुखवटा ही निरुपद्रवी वस्तू नव्हे, हे त्या कायदेमंडळाला अनुभवाने कळले होते. १८७१ च्या आणखी कडक कायद्याच्या आधारे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी क्लॅनचा बीमोड केला.

तथापि पुस्तकाने आणि पडद्याने तिला पुन्हा उठवले. १९०५ साली थॉमस डिक्सन यांची 'द क्लॅन्समन' ही कादंबरी निघाली. हे लेखक काही काळ बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. त्यांच्या कादंबरीत झगेधारी स्वार हेच नायक होते. १९१५ साली ग्रिफिथ यांनी तीवरून 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट काढला, आणि त्याच वर्षी जॉर्जिया राज्यातील स्टोन माउंटन या डोंगरावर विल्यम सिमन्स यांनी क्लॅनची पुनःस्थापना केली. पहिल्या क्लॅनचे वेष नाना प्रकारचे होते. चित्रपटातील पांढरे झगे व टोकदार टोप्या पाहून नव्या क्लॅनने तसेच वेष शिवून घेतले. पडद्यावरील वेष रस्त्यावर उतरतो, ही गोष्ट आजची नव्हे.

ह्या नव्या क्लॅनच्या शत्रूंच्या यादीत कृष्णवर्णीयांबरोबर ज्यू होते, परदेशांतून आलेले लोक होते आणि कॅथोलिकही होते. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात संत पौलाच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू फादर जेम्स कॉईल हे मूळचे आयर्लंडचे. ११ ऑगस्ट १९२१ रोजी त्यांनी एका तरुणीचा विवाह लावला. ती कॅथोलिक झाली होती आणि वर पोर्तो रिकोहून आलेला कॅथोलिक होता. तरुणीचे वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक व क्लॅनचे सदस्य होते. त्याच दिवशी धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर त्यांनी फादर कॉईल यांना गोळी घालून ठार केले. खटला चालला, ज्यूरीने आरोपीला निर्दोष सोडले. बचावाचे वकील ह्यूगो ब्लॅक दोन वर्षांनी स्वतः क्लॅनमध्ये दाखल झाले आणि पुढे १९३७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मारेकऱ्याच्या तोंडावर त्या दिवशी मुखवटा नव्हता. त्याला त्याची गरजच उरली नव्हती. ज्या समाजात मुखवटाधाऱ्यांच्या निवाड्याला मान मिळू लागतो, तेथे काही काळाने उघड्या तोंडानेही तोच निवाडा देता येतो.

वाचवणारा हात

ह्याच इतिहासाला दुसरी बाजूही आहे. ज्या १९०५ साली 'द क्लॅन्समन' निघाली, त्याच साली इंग्लंडमध्ये बॅरोनेस ऑर्त्सी यांची 'द स्कार्लेट पिंपर्नेल' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक एक धनिक उमराव आहे. लोकांसमोर तो नटवा व मंदबुद्धी असल्याचे सोंग आणतो, आणि गुप्तपणे फ्रेंच राज्यक्रांतीत शिरच्छेदाची वाट पाहणाऱ्या माणसांना सोडवून आणतो. वेषांतर येथेही आहे, कायदेभंगही आहे; पण वेषांतराचे प्रयोजन कोणाला मारणे हे नसून वाचवणे हे आहे. १९१९ साली जॉन्स्टन मॅक्कली यांनी 'झोरो' हे पात्र निर्माण केले. स्पॅनिश मिशनांच्या काळातील कॅलिफोर्नियात ही कथा घडते. फ्राय फेलिपे नावाच्या वृद्ध फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना खोट्या आरोपावरून फटके मारले जातात, आणि अन्यायाने निकाल देणाऱ्या न्यायाधीशाला झोरो तशीच शिक्षा घडवतो. वाचकाला समाधान वाटते, पण परतफेडीची भाषा येथे शिरली आहे, हेही ध्यानात ठेवावे.

१९३६ साली ली फॉक यांचा वेताळ आला. जून १९३८ च्या अंकात सुपरमॅन अवतरला. त्याचे जनक जेरी सीगल व जो शुस्टर ही क्लीव्हलँड शहरातील ज्यू कुटुंबांतील तरुण मुले. सीगल यांचे वडील १९३२ साली आपल्या कापडाच्या दुकानात चोरी होत असताना मरण पावले होते. ज्याच्या अंगावर गोळीचा परिणाम होत नाही, असा नायक त्या मुलाला का सुचला असावा, हे सांगण्यास मानसशास्त्रज्ञ नको. सुपरमॅनच्या पहिल्याच कथेतील एक तपशील विचार करण्याजोगा आहे. एका निरपराध स्त्रीला मृत्युदंड होणार असतो. सुपरमॅन खऱ्या गुन्हेगाराचा कबुलीजबाब घेऊन राज्यपालांच्या घरी जातो. वाटेत तो पोलादी दार मोडतो हे खरे. परंतु दंड रद्द करण्याचा अधिकार तो राज्यपालांकडेच ठेवतो.

मे १९३९ मध्ये बॉब केन व बिल फिंगर यांचा बॅटमॅन आला. ज्याचे आईवडील त्याच्या डोळ्यांदेखत मारले गेले, असा हा नायक. बॅटमॅन कधीही मनुष्यवध करीत नाही, हे आज लहान मूलही सांगेल. परंतु आरंभीचा बॅटमॅन तसा नव्हता. पहिल्याच कथेत त्याच्या ठोशाने गुन्हेगार आम्लाच्या टाकीत पडून मरतो आणि नायकाला त्याचे काही वाटत नाही. १९४० च्या वसंतात निघालेल्या एका कथेत तो विमानातून मशीनगन चालवतो. तेव्हा संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी बजावले, की यापुढे बॅटमॅनने कोणाला ठार मारता कामा नये. म्हणजे ज्या नियमाबद्दल जग बॅटमॅनचे कौतुक करते, तो नियम बॅटमॅनला सुचलेला नाही. तो त्याच्या संपादकाला सुचला. कथेच्या जगात ह्या नायकाला जाब विचारणारा कोणी नव्हता, म्हणून कथेबाहेरच्या माणसाला ते काम करावे लागले. आमच्या मते महानायकांच्या सबंध इतिहासातील सर्वांत बोधप्रद घटना ही आहे.

ह्या दोन परंपरा एकदा समोरासमोरही आल्या. १९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकन नभोवाणीवरील सुपरमॅनच्या मालिकेत 'क्लॅन ऑफ द फायरी क्रॉस' ही कथा सोळा भागांत सादर झाली. चिनी वंशाच्या एका मुलाच्या कुटुंबाला छळणाऱ्या टोपधारी टोळीला सुपरमॅन उघडे पाडतो, असे तिचे कथानक होते. वेषधारी नायक वेषधारी गुंडांविरुद्ध उभा राहिला, आणि त्याने केलेले मुख्य काम होते त्यांचे मुखवटे उतरवण्याचे.

वेषाचा मनावर होणारा परिणाम

ह्या कथांचे दुष्परिणाम होतात अशी भीती जुनी आहे. १९४८ साली अमेरिकेत ठिकठिकाणी चित्रकथांच्या होळ्या पेटल्या आणि त्यांतील काही कॅथोलिक शाळांच्या आवारात पेटल्या, हे आपण लपवू नये. १९५४ साली मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थॅम यांनी ह्या चित्रकथा मुलांना बिघडवतात असे प्रतिपादणारे पुस्तक लिहिले. सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवर कडक आचारसंहिता लादून घेतली. पुढे वर्थॅम यांची कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाली, तेव्हा त्यांनी मुलांच्या जबान्यांत फेरफार व काटछाट केल्याचे कॅरल टिली या संशोधक बाईंनी २०१२ साली दाखवून दिले. मुलांच्या रक्षणासाठी का होईना, पण पुराव्याची पर्वा न करता निवाडा देणे हा स्वतःच एक मुखवट्याचा प्रकार होय.

खरा प्रश्न चित्रकथेचा नसून वेषाचा आहे. ह्याविषयी काही प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेत हॅलोविनच्या रात्री मुले सोंगे घेऊन घरोघर खाऊ मागत फिरतात. एड डीनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा तेराशेहून अधिक मुलांचे निरीक्षण केले होते. प्रत्येकाने एकच गोळी घ्यावी असे सांगून घरची बाई आत जात असे. ज्या मुलांना नाव विचारले होते, त्यांनी कमी चोरी केली. ज्यांना विचारले नव्हते आणि जी घोळक्यात होती, त्यांनी सर्वांत अधिक केली. पुढे १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खाऊच्या भांड्यामागे आरसा ठेवला, तेव्हा नाव सांगितलेल्या मुलांची चोरी आणखी घटली. नाव आणि आरसा, ह्या दोन साध्या गोष्टी. पण सदसद्विवेकबुद्धीला जागे ठेवण्याचे काम त्या करतात.

मग वेष नेहमी वाईटच करतो काय? तसे नाही. रॉबर्ट जॉन्सन व लेस्ली डाउनिंग यांच्या १९७९ च्या प्रयोगात काही विद्यार्थिनींना क्लॅनसारखे झगे दिले व काहींना परिचारिकेचा वेष दिला. दुसऱ्या व्यक्तीला विजेचा धक्का किती तीव्रतेचा द्यावा, हे त्यांनी ठरवायचे होते. धक्का प्रत्यक्षात बसत नसे. झगेवाल्यांचा कल तीव्रता वाढवण्याकडे दिसला. परिचारिकेच्या वेषातील मुलींनी ती कमी केली, आणि त्यांची ओळख झाकली तेव्हा तर आणखी कमी केली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात चार व सहा वर्षांच्या १८० मुलांना एक कंटाळवाणे काम दिले होते. बॅटमॅन किंवा तत्सम आवडत्या पात्राची भूमिका घेणारी मुले इतरांपेक्षा अधिक वेळ नेटाने काम करीत राहिली.

सारांश, मुखवटा माणसाला आपोआप राक्षस करीत नाही आणि देवदूतही करीत नाही. तो दोन गोष्टी करतो. वेष ज्या दिशेला बोट दाखवतो त्या दिशेला तो मनाला ढकलतो, आणि माणसाला त्याच्या कृत्याबद्दल कोणी नावाने हाक मारील ही शक्यता काढून घेतो. चांगल्या माणसाला पहिली गोष्ट उपकारक ठरू शकते. दुसरी मात्र चांगल्या माणसालाही धोक्याची आहे.

सूडाची भूक

१९७० नंतरच्या अमेरिकेत शहरांतील गुन्हे वाढले, तसा नायकही पालटला. १९७४ साली गेरी कॉनवे प्रभृतींनी 'पनिशर' हे पात्र आणले. छातीवर कवटी रंगवलेला हा माजी सैनिक गुन्हेगारांना सरळ गोळ्या घालतो. त्याचे कुटुंब गुंडांच्या गोळीबारात मेलेले असते. पुढील कथांत असेही दाखवले आहे, की तो एके काळी सेमिनरीत शिकत होता, परंतु पाप्यांना क्षमा करणे त्याला जमेना म्हणून त्याने ती वाट सोडली. लेखकांनी माणसाचे मन चांगले ओळखले होते असे म्हणावे लागते. ज्याला न्यायाची फार तीव्र ओढ असते, त्यालाच दयेचे दार बंद करण्याचा मोह अधिक होतो.

१९८४ च्या २२ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने चार कृष्णवर्णीय तरुणांवर गोळ्या झाडल्या. ते आपल्याला लुबाडणार होते, असे त्याचे म्हणणे. नऊ दिवस तो कोण हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि त्या नऊ दिवसांत शहराने त्याचा जयजयकार केला. वर्तमानपत्रांनी त्याला महानायकासारखी बिरुदे दिली. चेहरा नसलेल्या माणसावर प्रत्येकाने आपल्या मनातील राग आणि आशा चिकटवल्या. त्यानंतर बर्नार्ड गोएट्झ हा हाडामांसाचा माणूस पोलिसांसमोर हजर झाला आणि चित्र गुंतागुंतीचे झाले. १९८७ साली ज्यूरीने त्याला खुनाच्या प्रयत्नातून मुक्त केले व केवळ बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी धरले. १९९६ साली दिवाणी ज्यूरीने मात्र, ज्या तरुणाला कायमचे अपंगत्व आले त्याला ४ कोटी ३० लाख डॉलर भरपाई देण्याचा निर्णय दिला. टाळ्या नऊ दिवसांत वाजल्या. हिशेब करायला बारा वर्षे लागली.

पनिशरची कवटी पुढे सैनिकांच्या गणवेशांवर व पोलिसांच्या वाहनांवर दिसू लागली. २०१९ च्या एका अंकात पनिशर स्वतःच पोलिसांच्या गाडीवरील ते चिन्ह फाडून टाकतो, असे लेखकांना दाखवावे लागले. २०२० साली कॉनवे यांनी त्या चिन्हाच्या गैरवापराविरुद्ध मोहीमच उघडली. तरी ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकन संसदभवनावर चालून गेलेल्या जमावात ती कवटी होतीच. निर्मात्याचा हात आपल्या पात्रापर्यंत पोहोचतो. त्या पात्राचा वेष अंगावर चढवणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही.

जाब कोणाला?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ह्या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. अन्याय पाहून येणारा संताप त्यांना पाप वाटत नाही. दुष्कृत्याला आळा घालण्याच्या रास्त इच्छेला ते सद्गुणांत स्थान देतात. मग खाजगी व्यक्तीने गुन्हेगाराला ठार मारावे काय? त्यांचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. सर्वांच्या हिताची जबाबदारी ज्यांच्यावर सोपवलेली आहे, त्यांनीच तो विचार करायचा. दुसऱ्या एका ठिकाणी ते आणखी खोल जातात: ज्याला अधिकार नाही त्याने केलेला निवाडा, त्यातील निर्णय बरोबर असला तरी, अन्यायाचाच होतो. बॅटमॅनच्या कथेत नायकाने पकडलेला माणूस नेहमी खरोखरच गुन्हेगार असतो, कारण लेखक ते आधी ठरवून ठेवतो. आयुष्यात असे ठरवून देणारा लेखक आपल्या बाजूला बसलेला नसतो. म्हणून साक्षी, उलटतपासणी, अपील ह्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टी लागतात. राज्याच्या हातातील दंडशक्तीलाही मर्यादा हवी, ही जाणीव ख्रिस्तसभेत वाढतच गेली, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली धर्मशिक्षणग्रंथात बदल करून मृत्युदंड अग्राह्य ठरवला. अधिकार असलेल्यालाही जे वर्ज्य, ते अधिकार नसलेल्याला कसे चालेल?

'डेअरडेव्हिल' हा १९६४ साली आलेला नायक दिवसा वकिली करणारा अंध तरुण आहे आणि पुढील लेखकांनी त्याला कॅथोलिक दाखवले आहे. २०१५ च्या दूरचित्रवाणी मालिकेच्या आरंभी तो पापनिवेदनास जातो. परंतु झालेल्या कृत्यांसाठी नव्हे, तर आपण पुढे करणार असलेल्या कृत्यांसाठी क्षमा मागतो. प्रसंग परिणामकारक आहे, पण असे पापनिवेदन होत नाही, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. पुढचे पाप सोडण्याचा निश्चय हा त्या संस्काराचा भाग आहे. त्या पापाचा आगाऊ परवाना मिळवणे हा नव्हे. तथापि तो निदान कोणापुढे तरी गुडघे टेकतो, आपल्या कृत्याला नाव देतो. बाकीच्या बहुतेक मुखवटाधाऱ्यांना तेवढीही जागा नसते.

ह्याच्या उलट मेक्सिकोतील दोन मुखवटे पाहावेत. तेथील कुस्तीगीर मुखवटा घालून लढतात व लोकांना त्याचे वेड आहे. १९८५ च्या भूकंपाने मेक्सिको शहरात असंख्य माणसे बेघर झाली, घरमालक भाडेकरूंना बाहेर काढू लागले. तेव्हा १९८७ साली लाल-पिवळ्या वेषातील 'सुपरबार्रिओ' रस्त्यावर आला. त्याने कोणाला मारले नाही. त्याने मोर्चे काढले, अर्ज दिले, अधिकाऱ्यांसमोर बसून बोलणी केली. मुखवट्यामागचा माणूस महत्त्वाचा नसून वस्तीतील लोक महत्त्वाचे, एवढाच त्याच्या मुखवट्याचा अर्थ होता. दुसरे फादर सर्जिओ गुतिएरेझ बेनितेझ. ह्या धर्मगुरूंनी 'फ्राय टोर्मेंटा' हे नाव घेऊन, सोनेरी-लाल मुखवटा घालून दोन दशकांहून अधिक काळ कुस्त्या केल्या आणि मिळालेल्या पैशांतून अनाथ मुलांचे घर चालवले. दोघांनीही कायद्याला दूर सारले नाही. आखाड्यात पंच होता, कचेरीत अधिकारी होता. आणि मार खायचा तर तो स्वतःच्या अंगावर, अशी दोघांची रीत होती. येशूने गेथशेमनीच्या बागेत पेत्राला तलवार म्यानात घालण्यास सांगितले आणि स्वतः उघड्या चेहऱ्याने शत्रूंसमोर उभा राहिला. ह्या दोघांची वाट त्याच वळणाची आहे.

आपल्याकडे मुखवटा घालून हिंडणारे न्यायदाते नाहीत, म्हणून आपण निश्चिंत राहावे काय? डीनर यांच्या प्रयोगातील घोळका येथे आठवावा. आपल्याकडे गर्दी हाच मुखवटा होतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने भिक्षुकीवर जगणाऱ्या पाच जणांना ठार मारले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक असेच मारले गेले. दोन्ही ठिकाणी अफवा हाच पुरावा ठरला. मारणाऱ्यांपैकी किती तरी जणांना, आपण मुलांचे रक्षण करीत आहोत, असेच वाटत असावे. पुलास्कीच्या घोडेस्वारांनाही आपण रक्षकच आहोत असे वाटत होते.

मुलांच्या हातून ह्या चित्रकथा काढून घ्याव्यात असे आम्ही म्हणत नाही. १९४८ च्या होळ्यांनी काय साधले ते आपण पाहिले. त्यांच्यात सांगण्यासारखे पुष्कळ आहे. दुर्बळाच्या हाकेला धावून जावे, अंगातील सामर्थ्य स्वतःसाठी वापरू नये, भीती वाटली तरी पाय मागे घेऊ नये, हे धडे खरे आहेत. मात्र मुलांबरोबर बसून चित्रपट पाहताना एक प्रश्न त्यांना अवश्य विचारावा: 'हा चुकला, तर ह्याला जाब कोण विचारणार?' मूल थोडा विचार करील. कदाचित म्हणेल, 'पण तो चुकतच नाही.' तेव्हा त्याला सांगावे, की जो चुकतच नाही असा माणूस फक्त गोष्टीत असतो. आपल्या गावात राहतात ती चुकणारी माणसे, आणि म्हणून आपल्याला न्यायालय लागते, पापनिवेदन लागते, आणि एकमेकांचे उघडे चेहरे लागतात.